बोटीचं ढिलं स्टेअरिंग, खोटा पेट्रोलकाटा : दोन किटचं परीक्षण, मराठवाड्यातल्या जलाशयांसाठी

पैठणच्या नाथसागरापासून नांदेडच्या विष्णुपुरीपर्यंत ज्या फायबरच्या मोटारबोटी चालतात, त्यांच्याबद्दल दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. स्टेअरिंगला प्ले (चाकाची मोकळी फिरकी) आलाय आणि पेट्रोलचा काटा भरवशाचा राहिला नाही. दोन्हींवर तयार किट मिळतात. एक मेकॅनिकल रोटरी स्टेअरिंग किट, म्हणजे हेल्म (चाकामागची गिअरपेटी), बेझल (ती डॅशबोर्डला बसवायची चौकट) आणि केबल. दुसरं फ्यूल गेज (म्हणजे काटा) आणि टाकीतली पातळी त्याला कळवणारा सेंडर यांची जोडी. हे परीक्षण या दोन्हींचं आहे आणि ते १४ ते १८ फुटी, ४० ते ६० हॉर्सपॉवरचं एकच ओबीएम (बोटीच्या मागं बाहेरून लावायचं इंजिन) लावलेली बोट समोर ठेवून केलं आहे. टिलरनं (इंजिनाच्याच दांड्यानं) चालणाऱ्या रबरी बचाव बोटींना स्टेअरिंगचा भाग लागू होत नाही, काट्याचा भाग मात्र आत बसवलेली टाकी असेल तर लागू होतो.

आमचं मत आधीच सांगतो. दोन्ही किट कामाची आहेत, पण पूर्ण किट मागवण्याआधी दोष नेमका कुठं आहे ते शोधा. पुष्कळदा तो एका नटात किंवा अर्थिंगच्या एका वायरीत सापडतो आणि नवं किट बसवूनही तसाच राहतो.

बोटींच्या दुरुस्तीबद्दल जे लिहिलेलं मिळतं ते बहुतेक समुद्रासाठी असतं, त्यात सगळा दोष खाऱ्या पाण्यावर जातो. आपल्याकडं पाणी गोडं आहे, त्यामुळं गंज कमी. पण उन्हाळ्यात पाणी मागं सरकलं की बोट महिनोन्‌महिने काठावर उघडी पडून असते. चाळीसच्या वरच्या उन्हात ग्रीस आटून घट्ट होतं, त्यात काळ्या मातीची धूळ बसते आणि ते ग्रीस सांध्याला पॉलिश पेपरसारखं घासायला लागतं. शिवाय पाणी उतरल्यावर बुडीत झाडांचे बुंधे आणि जुन्या गावांच्या भिंती वर येतात. इंजिनाचा खालचा भाग त्यावर आदळला की धक्का थेट स्टेअरिंगच्या सांध्यांवर जातो. आपल्याकडच्या खिळखिळ्या स्टेअरिंगची ही दोन मोठी कारणं आहेत.

प्ले कुठं आहे ते आधी पाहा

तपासणीला दोन माणसं लागतात. बोट ट्रेलरवर, इंजिन सरळ खाली, चावी काढलेली. चाकाच्या माथ्यावर चिकटपट्टीची खूण करा. एकानं चाक हळूहळू डावीकडं-उजवीकडं फिरवायचं, इतकंच की इंजिन जेमतेम हलावं. दुसऱ्यानं इंजिनापासून चाकाकडं येत एकेक सांधा चाचपायचा. सांध्याच्या एका बाजूला हालचाल आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर प्ले तिथंच आहे. मग उलटं करा. चाक घट्ट धरून ठेवायचं आणि इंजिन हातानं हलवायचं. चाकाच्या कडेवर इंच-दीड इंच मोकळी फिरकी मेकॅनिकल स्टेअरिंगला आम्ही चालवून घेतो. त्यापुढं गेली की कारण शोधायलाच हवं. नो-फीडबॅक हेल्म (इंजिनाचा ओढा चाकापर्यंत येऊ न देणारं) असेल तर त्यातल्या क्लचमुळं थोडी जास्त फिरकी रचनेतच असते, तो दोष समजू नये.

सगळ्यात आधी ड्रॅग लिंक पाहा, म्हणजे केबलचं टोक आणि इंजिनाचा स्टेअरिंग आर्म यांना जोडणारी दांडी. बोल्ट काढून भोकाकडं उजेडात नीट बघा. झिजलेलं भोक गोल राहत नाही, लांबट होतं, आणि बोल्टच्या अंगावर एकाच बाजूला चकचकीत पट्टी पडलेली असते. नखानं चाचपलं तर त्या पट्टीला काठ लागतो. इथं अर्धा मिलिमीटर गेला तरी चाकावर तो कितीतरी वाढून जाणवतो. लिंक आणि बोल्ट दोन्ही नवे घ्यायचे. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या लेथवर गनमेटलचा बुश करून बसवणं नवा भाग येईपर्यंत चालेल. लिंकला वेल्डिंग करून वापरणं मात्र साफ चूक. वेल्डिंग सांगून तुटत नाही. वेगात असताना तुटलं तर इंजिन एका अंगाला पूर्ण वळतं आणि बोटीतली माणसं बाहेर फेकली जातात.

या सांध्यांवरचे नट नायलॉक असतात. एकदा काढले की नवेच लावायचे, कारण आतलं नायलॉन एकदा ताणलं गेलं की पकड धरत नाही. साधा नट आणि स्प्रिंग वायसर हा पर्याय इथं चालत नाही. किती आवळायचं तेही नीट समजून घ्या. मर्क्युरीच्या पुस्तिकेत लिंकचा एका टोकाचा नट २७ न्यूटन-मीटरला आवळायला आणि दुसऱ्या टोकाचा नट बसेपर्यंत आवळून पाव फेरा मागं घ्यायला सांगितलं आहे. सांधा मोकळा फिरला पाहिजे, हे त्यामागचं कारण. दोन्ही टोकं पान्यानं करकचून आवळली तर लिंक अडकते आणि सगळा ताण बोल्टवर येतो. तुमचं इंजिन दुसऱ्या कंपनीचं असेल तर आकडा त्याच्याच पुस्तिकेतला घ्या.

पुढची जागा टिल्ट ट्यूबवरचा, म्हणजे केबलचं टोक ज्यातून जातं त्या इंजिनाच्या आडव्या नळीवरचा, केबलचा मोठा नट. कंपनानं तो सैल होतो आणि सगळी केबलच मागंपुढं सरकायला लागते. चाक फिरवताना हा नट ट्यूबच्या तोंडाशी थोडासा जरी हलताना दिसला, तर बाकी काही उघडायची गरज नाही, तो आवळून पुन्हा तपासा. त्यानंतर हेल्म. डॅशबोर्डच्या पाठीमागं हात घालून त्याचे बोल्ट पाहा. स्थानिक कारखान्यांत बनलेल्या बोटींचा डॅश पातळ फायबरचा असतो, तो चाकाबरोबर वाकतो आणि वरून प्ले असल्यासारखाच वाटतो. मागून ६ मिलिमीटरची मरीन प्लाय किंवा ॲल्युमिनियमची पट्टी दिली की फरक पडतो. चाकाचा हब पाऊण इंची टेपर शाफ्टवर चावी (खाचेत बसणारी लोखंडी पट्टी) घालून बसतो. मधला नट सैल असेल तर दिशा बदलताना टक् असा आवाज येतो.

हे सगळं घट्ट आहे आणि तरीही चाक आधी फिरतं, इंजिन मागून येतं, तर केबलच्या आतला गाभा झिजला आहे. एकाच वेळी स्टेअरिंग जड आणि ढिलंही वाटत असेल तर संशय आधी केबलवरच घ्या. बाहेरचं आवरण फुगलेलं, चिरलेलं किंवा टोकाशी गंजलेलं असेल तर पुढं काही तपासायला नको. ही केबल आतून ग्रीस करता येत नाही आणि दुरुस्तही होत नाही. ती बदलायचीच.

स्टेअरिंग किट

हेल्मचे गिअर चांगले असतील तर फक्त केबल घ्या, पूर्ण किटपेक्षा ती स्वस्त पडते. जुन्या केबलच्या आवरणावर नंबर छापलेला असतो. टेलिफ्लेक्स कंपनीचं स्टेअरिंग असलेल्या जुन्या बोटींवर एसएससी ६२ ने सुरू होणारा नंबर दिसतो आणि शेवटचे दोन आकडे म्हणजे लांबीचे फूट. ६२१४ म्हणजे १४ फूट. टेलिफ्लेक्सनं बोटींचा धंदा २०११ मध्ये विकला, तो सीस्टार नावानं चालला आणि २०१७ मध्ये डोमेटिककडं गेला. नावं बदलली तरी नंबरची ही पद्धत तीच राहिली, म्हणून जुन्या नंबरवर नवी केबल मागवता येते. ६१ ची मालिका जुन्या सेफ-टी हेल्मची आणि ६२ ची क्यूसी हेल्मची. एकीच्या जागी दुसरी मागवू नका.

नंबर पुसला असेल तर मोजा. चाकाच्या मध्यापासून बोटीच्या कडेपर्यंत, कडेनं मागच्या कोपऱ्यापर्यंत आणि तिथून टिल्ट ट्यूबच्या मध्यापर्यंत. तिन्हींची बेरीज करा, प्रत्येक काटकोनी वळणाचे ४ इंच वजा करा, टिल्ट ट्यूबमधून जाणाऱ्या केबलसाठी ६ इंच मिळवा आणि आलेला आकडा पुढच्या पूर्ण फुटावर न्या. समजा मापं अडीच, ९ आणि ३ फूट आली. एकूण १७४ इंच. दोन वळणांचे ८ गेले, ६ मिळवले, १७२ इंच, म्हणजे १५ फुटी केबल. आखूड केबल ताणून बसवली की वळणावर गाभा घासतो. फार लांब घेतली तर ती कुठंतरी गुंडाळून ठेवावी लागते आणि प्रत्येक जादा वळण चाक जड करतं. वळणाची त्रिज्या कुठंही ८ इंचांपेक्षा कमी नको. बाकाच्या मागं केबल दुमडून कोंबलेली आम्हाला बऱ्याच बोटींत दिसते. तिथं नवी केबलही लवकर जाते.

किटबद्दलची आमची मुख्य तक्रार ही की डब्यात ड्रॅग लिंक येत नाही. प्रत्येक इंजिनाची वेगळी असल्यामुळं ती वेगळी मागवावी लागते, हे समजण्यासारखं आहे, पण विकणारे ते ठळक सांगत नाहीत. सामान बहुधा मुंबईहून कुरिअरनं येतं. लिंक राहिली तर बोट आणखी आठवडाभर काठावर बसते. मागवतानाच लिंक, दोन नायलॉक नट आणि टिल्ट ट्यूबचं सील यादीत घाला.

निनावी स्वस्त किटही विकायला असतात. त्यांत दोन गोष्टी पाहा. केबलच्या टोकाची दांडी स्टेनलेस आहे की नुसता झिंकचा मुलामा आहे, आणि आयएसओ ८८४८ चा (बोटींच्या स्टेअरिंगच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा) उल्लेख छापलेला आहे का. मुलाम्याची दांडी गोड्या पाण्यातही टिल्ट ट्यूबच्या आत गंजते, कारण तिथं ओल साठून राहते. गंज फुगला की दांडी ट्यूबमध्येच जाम होते आणि काढताना ट्यूबला इजा होते. स्टेअरिंगमध्ये पैसे वाचवणं आम्हाला पटत नाही. नावाजलेल्या कंपनीची केबल घ्या, हवं तर चाक जुनंच ठेवा.

बसवणं अवघड नाही. जुनी दांडी निघाली की टिल्ट ट्यूब आतून गोल ब्रशनं घासा, जुनं काळं ग्रीस पूर्ण काढा, पेट्रोलनं नव्हे तर रॉकेलनं किंवा डिझेलनं पुसा, कोरडी करा आणि मग दांडीला नवं ग्रीस चोपडून आत सोडा. पाण्याला टिकणारं एनएलजीआय २ दर्जाचं (हा घट्टपणाचा आकडा) मरीन ग्रीस उत्तम. ते मिळालं नाही तर गोड्या पाण्यात एपी-३ या नेहमीच्या ग्रीसवर काम भागतं, फक्त ते वर्षातून दोनदा बदलावं लागेल. निप्पलमधून ग्रीस भरताना दांडी पूर्ण आत ओढलेली असली पाहिजे. ती बाहेर असताना गन मारली तर ग्रीस दांडीच्या मागं कोंडतं आणि स्टेअरिंग अडकतं. डॅश बंद करण्याआधी चाक उजवीकडं फिरवून बोट उजवीकडंच वळणार ना, हे पाहून घ्या. केबल हेल्मच्या चुकीच्या बाजूनं काढली की दिशा उलटी होते.

काटा आणि सेंडर

इथं किटपेक्षा मल्टीमीटर महत्त्वाचा. गेजच्या पाठीमागं तीन टोकं असतात. आय म्हणजे चावीतून येणारे १२ व्होल्ट, जी म्हणजे अर्थ, एस म्हणजे सेंडर. चावी चालू करून आय आणि जी मध्ये व्होल्ट बघा. ते नसतील तर दोष वायरीत किंवा फ्यूजमध्ये. ते असतील तर एस ची वायर काढा. नेहमीच्या अमेरिकन पद्धतीच्या गेजचा काटा रिकाम्यावर गेला पाहिजे. मग एस आणि जी एका छोट्या वायरीनं जोडा, काटा पूर्ण भरल्यावर गेला पाहिजे. दोन्ही झालं तर गेज निर्दोष आहे, ते बदलू नका. ही तपासणी गेजच्या टोकाशीच करा. टाकीवर सेंडरशी वायर टेकवून ठिणगी पाडणं म्हणजे पेट्रोलच्या वाफेशी खेळ. टाकीजवळ काम करताना झाकणं उघडून हवा खेळू द्या, बॅटरीची वायर काढून ठेवा.

आता सेंडर. वायर काढून मल्टीमीटर ओहमवर लावा, एक टोक मधल्या स्टडला, दुसरं फ्लँजला (टाकीवर बसणाऱ्या गोल चकतीला). अमेरिकन सेंडर टाकी रिकामी असताना २४० ओहम, भरलेली असताना ३३ आणि निम्म्यावर १०० च्या आसपास दाखवतो. युरोपियन पद्धतीचा उलटा चालतो, रिकामी १० आणि भरलेली १८०. सेंडर बाहेर काढून फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा भाग) हातानं सावकाश वर-खाली करा. आकडा सलग बदलला पाहिजे. मध्येच तुटला, उड्या मारल्या, तर आतल्या घासणाऱ्या पत्र्याची वाट झिजली आहे. झाकण असेल तर उघडून पाहा. बारीक तारेच्या गुंडाळीवर एक चमकदार घासलेली वाट दिसते आणि बहुधा निम्म्याच्या आसपास ती काळी पडलेली किंवा तुटलेली असते, कारण बोट उभी असते तेव्हा फ्लोट तिथंच डुलत राहतो. अशा टाकीचा काटा अर्ध्यावर आला की एकदम शून्यावर पडतो आणि थोड्या वेळानं परत उठतो.

आपल्याकडं याला दुसरं कारण इंधनाचं आहे. २०२५ पासून पंपावर सगळीकडं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल ओल शोषतं, आणि उन्हाळाभर टाकीत पडलेल्या पेट्रोलमधून पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं. ते सेंडरच्या उघड्या तारेला आणि जुन्या बुचाच्या फ्लोटला खातं. बोट हंगामापुरती बंद ठेवायची असेल तर टाकी रिकामी करून ठेवा.

सेंडर आणि गेज एकाच पद्धतीचे आणि एकत्रच घ्या. गॅरेजात ट्रॅक्टरचं किंवा जीपचं गेज बसवून देतात, तिथंच घोटाळा होतो. ओहमचा हिशोब जुळला नाही तर काटा अर्ध्यात अडकतो किंवा उलटा चालतो, टाकी भरली की खाली आणि रिकामी झाली की वर. दोन्ही पद्धतींत आम्ही २४०-३३ ची शिफारस करू, कारण वायर तुटली तर त्याचा काटा रिकामा दाखवतो. १०-१८० मध्ये तुटलेली वायर भरलेली टाकी दाखवते. नाथसागर सुमारे ५५ किलोमीटर लांब आणि २७ किलोमीटरपर्यंत रुंद आहे, दुपारनंतर वाऱ्यानं लाटा उठतात. अशा पाण्यात मधोमध इंजिन बंद पडण्यापेक्षा काटा खोटाच रिकामा दिसलेला परवडतो.

सेंडरचे दोन प्रकार. दांडीचा फ्लोट स्वस्त, दांडी कापून कमी-जास्त खोलीला बसवता येतो, पण घासणारी तार असल्यामुळं झिजतो. दुसरा रीड स्विचचा (चुंबकानं चालणाऱ्या स्विचचा) म्हणजे स्टेनलेसच्या नळीवर सरकणाऱ्या फ्लोटचा, त्यात घासणारा भाग नसतो. काटा टप्प्याटप्प्यानं हलतो, पण इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये हाच टिकतो, म्हणून आमची पसंती याला. नळी कापता येत नाही, त्यामुळं टाकीची आतली खोली मोजून साधारण एक इंच कमी लांबीचा घ्या. १२ इंच खोल टाकीला ११ इंची. दांडीचा घेतला तर दांडीची बिजागरी टाकीच्या निम्म्या खोलीवर यायला हवी, आणि आतल्या आडव्या पत्र्याला फ्लोट अडकत नाही ना हे बघायला हवं.

फ्लँजची पाच भोकं समान अंतरावर नसतात, सेंडर एकाच दिशेनं बसतो. जबरदस्ती करू नका, फिरवून बघा. गॅस्केट नवंच लावा, नायट्राइल किंवा व्हायटॉन रबराचं. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगून सुटतं, ते इथं वापरू नका. स्क्रू आलटून-पालटून थोडे थोडे आवळा.

किटमधली वायरिंगची बाजू कमकुवत आहे. डब्यात येणारी वायर आखूड आणि बारीक असते. दीड चौरस मिलिमीटरची, टिनलेल्या तांब्याची, बहुतारी वायर स्वतंत्र घ्या, टोकाला रिंग टर्मिनल क्रिंप करून त्यावर हीट-श्रिंक नळी चढवा. पीळ मारून चिकटपट्टी गुंडाळली तर एका उन्हाळ्यात डिंक वितळतो. सेंडरच्या फ्लँजपासून थेट बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत स्वतंत्र अर्थ वायर न्या. फायबरच्या बोटीत लोखंडी बॉडी नसते, अर्थ आपोआप मिळत नाही. अर्थ कच्ची असेल तर ओहम वाढतात आणि २४०-३३ चा काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. नवा सेंडर घालूनही हीच तक्रार राहिली तर तीच जागा तपासा. गेज घेताना काच खरी आहे का ते पाहा, स्वस्त प्लास्टिक आपल्या उन्हात पिवळं पडतं.

काटा बसवला तरी त्याचा हिशोब लिहून ठेवा. टाकीचा तळ बहुतेक बोटींत निमुळता असतो, म्हणून काट्याचं निम्मं म्हणजे लिटरचं निम्मं नव्हे. रिकाम्या टाकीत कॅननं दहा-दहा लिटर ओतत प्रत्येक वेळी काटा कुठं आला ते डॅशवर लिहा आणि त्याच वेळी लाकडी पट्टीवरही खुणा करून घ्या. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि एक तृतीयांश शिल्लक, या हिशोबानं काट्यावर लाल खूण मारा.

पहिली चाचणी काठाजवळ, कमी वेगात करा. इंजिन पूर्ण वर उचलून चाक दोन्ही टोकांना फिरवा, केबल कुठं अडत नाही ना हे बघा, मग इंजिन खाली सोडून पुन्हा तेच करा. इंजिन पाच-एक तास चाललं की लिंकचे दोन्ही नट, टिल्ट ट्यूबचा मोठा नट आणि हेल्मचे बोल्ट परत पान्यानं तपासा, कारण नव्या भागांची पहिली सैली तेवढ्यातच निघते.